आठवड्याला तेरा बाळंतिणी: गृहभेटींसाठी सरकारी निधी मागण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तुमची छोटी संस्था आहे. तीस गावं, सुमारे ४५ हजार लोकवस्ती. गेल्या दोन वर्षांत तिथल्या दोन बायका दवाखान्यात नीट बाळंत होऊन घरी आल्या आणि घरी आल्यावर दगावल्या. म्हणून गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या घरी नियमित जाणाऱ्या १२ जणी महिना सहा हजार मानधनावर नेमायच्या, असं तुम्ही ठरवलंय. यासाठी सरकारी निधी कोणत्या योजनेतून मिळेल आणि अर्ज कुठे करायचा, हे तुम्हाला हवंय.

मी अकरा वर्षं जिल्हा समूह संघटक होते. आशांचं प्रशिक्षण, त्यांचा मोबदला, दरवर्षीचा जिल्ह्याचा आरोग्य आराखडा, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता तुमच्यासारख्या संस्थांना प्रस्ताव लिहायला मदत करते. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात असं समजून वाचा.

आहे असाच अर्ज दिलात तर तो परत येईल. फाइलवर शेरा काय पडेल तेही सांगते: ‘सदर बाब आशा स्वयंसेविकांमार्फत राबविण्यात येत असल्याने द्विरुक्ती होते.’ वाचून राग येईल, पण हा शेरा चुकीचा नसेल. गृहभेटींना सरकार आधीच पैसे देतं. त्या भेटींत तुमच्या त्या दोघी कशा निसटल्या, हा तुमचा खरा प्रश्न आहे. आधी त्याचं उत्तर शोधा. मग निधी कशासाठी मागायचा ते आपोआप ठरेल, आणि रक्कमही कमी निघेल.

आधी सरकार काय देतं ते पाहू. २०११ पासून देशभर ‘एचबीएनसी’, म्हणजे नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा कार्यक्रम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. सगळ्या भेटी मिळून तिला २५० रुपये. म्हणजे सहा भेटी धरल्या तर एका भेटीला जेमतेम ४२ रुपये. मूळ सूचनांनुसार बाळाच्या वजनाची नोंद, जन्मनोंदणी, लसीकरण आणि ४२ दिवसांपर्यंत आई-बाळ सुखरूप, या अटी पुऱ्या झाल्यावरच ते मिळतात. २०१८ मध्ये त्याला ‘एचबीवायसी’ची, म्हणजे थोड्या मोठ्या बाळाच्या घरच्या काळजीची, जोड मिळाली: ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात पाच भेटी, प्रत्येकी ५० रुपये.

हे तुमच्या तीस गावांना लावून बघा. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर वर्षाला साधारण ६७५ बाळंतपणं होतात. एचबीएनसीचे १ लाख ६८ हजार ७५० रुपये आणि एचबीवायसीचे तेवढेच, मिळून ३ लाख ३७ हजार ५०० रुपये तुमच्या गावांतल्या भेटींसाठी कागदावर आज मंजूर आहेत. वर आरोग्य सेविकेचा पगार आहे, आणि प्रसूतीनंतरची तपासणी हे तिचंही काम आहे. मग बाया का जातात?

याचं एक उत्तर कार्यक्रमाच्या जन्मातच आहे. घरी जाऊन बाळ वाचवता येतं, हे आपल्याकडे दाखवलं ते गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे त्यातूनच राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. पण प्रयोग होता बाळासाठी. त्यामुळे कार्यक्रमाचा तक्ता, पिशवीतलं सामान, प्रशिक्षणातले तास, सगळं बाळाभोवती बांधलं गेलं. त्यात चूक काही नाही, पण आई त्या तक्त्याच्या कोपऱ्यात आली.

आशाच्या गृहभेटीचा नमुना कधी हातात घेऊन वाचा. आईला काय विचारायचं? दिवसातून किती वेळा पोटभर जेवलीस, दिवसात किती पॅड बदललेस, ताप आहे का, अंगावरून वास येणारं पाणी जातं का, असंबद्ध बोलते का, झटके आलेत का, दूध येतं का. प्रश्न चांगले आहेत. जास्त रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, ही बाळंतिणीच्या मृत्यूची दोन मोठी कारणं त्यात येतात. तिसरं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो प्रश्न विचारून कळत नाही, मोजावा लागतो. पिशवीत थर्मामीटर आहे, बाळाचा वजनकाटा आहे, घड्याळ, चमचा, ब्लँकेट आहे. बीपीचं मशीन मात्र त्या संचात नाही. नमुन्यातला झटक्यांचा प्रश्न म्हणजे पाणी डोक्यावरून गेल्यावर केलेली चौकशी.

आणि बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका संपला, असं होत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब सगळ्यांत वर जातो. नेमकं त्याच सुमारास आपण बाईला घरी सोडतो. घरात आनंदीआनंद असतो, पाहुण्यांची वर्दळ असते. तिचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर सासू म्हणते झोप नाही म्हणून, आई म्हणते वारं लागलं. कुणी मुद्दाम दुर्लक्ष करत नाही. पण मोजमाप नसलं की ज्याचा त्याचा अंदाज खरा.

तुमच्या दोघी कशानं गेल्या, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नक्की माहीत आहे का? प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण होतं: घरच्यांना भेटून माहिती घेतली जाते आणि जिल्हा पातळीवर आढावा होतो. तो अहवाल गोपनीय असतो, दोषी ठरवण्यासाठी नसतो, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना नीट भेटून सारांश विचारलात तर बहुतेक जण सांगतात. निर्णय घ्यायला उशीर झाला, पोचायला झाला की पोचल्यावर उपचार मिळायला झाला, एवढं विचारा. तिसरा उशीर असेल तर गृहभेटींवर पैसे घालून काही होणार नाही. तिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालय असे वेगळे प्रश्न आहेत. पुढे लिहितेय ते पहिल्या दोन उशिरांपुरतं समजा.

आता एक हिशेब मांडते. प्रस्तावाला हात लावण्याआधी हा हिशेब मी प्रत्येक संस्थेला करायला लावते. वर्षाला ६७५ बाळंतपणं, तर आजच्या दिवशी तुमच्या तीस गावांत बाळंत होऊन ४२ दिवस पुरे न झालेल्या बायका किती? साधारण ७८. आणि पहिल्या आठवड्यातल्या? तेरा.

तीस गावांत मिळून तेरा. त्यांपैकीही पहिले दोन दिवस ज्या दवाखान्यात असतील त्या वजा करा. तुम्ही बाराजणी नेमणार, वर्षाला ८ लाख ६४ हजार मानधन देणार, आणि सगळ्यांत जास्त जोखमीच्या आठवड्यात एकीच्या वाट्याला एखादीच बाळंतीण येणार. बाकी वेळ त्या आशानं आधीच भेटलेल्या गरोदर बाईला पुन्हा भेटत राहणार. माझ्या अनुभवात असे समांतर कार्यक्रम दुसऱ्या वर्षी ढेपाळतात, आणि गावात ‘संस्थेची बाई’ व ‘सरकारची बाई’ अशी धुसफुस सुरू होते ती वेगळीच.

म्हणून माझा सल्ला: भेट देणारी नवी माणसं मागू नका. आहे ती भेट आईसाठी उपयोगी ठरेल अशा गोष्टी मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत घरी आल्यावरच्या तपासण्या बाळंतपणानंतर ४८ ते ७२ तास, ७ ते १४ दिवस आणि सहावा आठवडा अशा सुचवल्या आहेत. आपल्या आशाचं वेळापत्रक त्यात अलगद बसतं. वेळापत्रकाला हात लावायची गरजच नाही. कमी आहे ती भेटीच्या आत.

काय काय मागायचं? पहिलं अर्थातच बीपीचं मशीन. हजार लोकवस्तीला एक आशा या हिशेबानं ४५ आशा. एका मशीनला अंदाजे दोन हजार धरा, म्हणजे ९० हजार. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातून काही ठिकाणी आधीच मशीन दिली गेली आहेत, तेवढी वजा करा. आणि कृपा करून सेलचे पैसे धरा. हे हसण्यावारी नेऊ नका. मी ज्या जिल्ह्यात होते तिथे एका वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं मशीन वाटली, फोटो काढले. सहा महिन्यांनी बघते तर निम्म्याहून जास्त बंद. मशीनला चार पेन्सिल सेल लागतात, आणि सेल खरेदीला लेखाशीर्षच, म्हणजे खर्च टाकायचा रकानाच, नव्हता. ४२ रुपयांच्या भेटीसाठी आशानं पदरचे सेल घालायचे का? एकीनं मला तोंडावर विचारलं, ‘मॅडम, घरातला रिमोट उघडून सेल काढलेत, आता सासरा ओरडतो.’ चूक माझी होती. अंदाजपत्रक मीच केलं होतं. तर मशीनमागे वर्षाला तीनशे रुपये सेल आणि तपासणीसाठी धरा, १३ हजार ५००.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं: एक पूर्णवेळ अनुभवी परिचारिका. तुमच्या १२ जणींऐवजी ही एक. तिचं काम म्हणजे आशाच्या भेटीत जिचं बीपी १४०/९० किंवा जास्त निघालं, जिला गरोदरपणातच बीपी किंवा तीव्र रक्तक्षय होता, जिचं सिझेरियन झालंय, तिच्याकडे त्याच किंवा दुसऱ्या दिवशी स्वतः जाणं. १६०/११० च्या वर असेल तर वाट न बघता गाडी बोलावणं. १५ टक्के बाया अशा जोखमीच्या धरल्या तर वर्षाला सुमारे शंभर. प्रत्येकीकडे दोन भेटी म्हणजे आठवड्याला चार. एका बाईला हे सहज जमतं, आणि उरलेल्या वेळात ती आशांबरोबर घरोघर जाऊन त्यांना हाताला धरून शिकवू शकते. गडचिरोलीच्या प्रयोगातला हा भाग लोक विसरतात. गावातली बाई शिकली, पण तिच्यामागे सतत देखरेख करणारं, शंका विचारता येणारं माणूस होतं. सरकारी रचनेत हे काम गटप्रवर्तकाचं, पण तिच्याकडे वीसेक आशांचा पसारा आणि कागदांचा ढीग असतो, शिवाय ती परिचारिका नसते. मानधन महिना १८ हजार धरलं तर वर्षाला २ लाख १६ हजार. शंभर बायांच्या दोनशे भेटींचा प्रवास, भेटीला दोनशे रुपयांनी, ४० हजार.

तिसरं प्रशिक्षण: सुरुवातीला दोन दिवस, पुढे दर तिमाहीला अर्धा दिवस. ६० हजारांत भागतं.

बेरीज ४ लाख १९ हजार ५००. तुमच्या मूळ मानधनाच्या निम्म्याहून कमी, आणि यातली एकही बाब द्विरुक्ती नाही. गाडीचे पैसे मी मुद्दाम धरले नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर मातेला दवाखान्यात नेणं, वरच्या दवाखान्यात हलवणं आणि घरी सोडणं मोफत आहे, आणि २०१४ पासून प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीही त्यात येतात. १०२ ची गाडी बाळंतिणीच्या तापासाठी वा बीपीसाठीही मागता येते, हे गावात कुणाला ठाऊकच नसतं. कधी कधी ड्रायव्हरलाही नसतं.

एक कडवी गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण प्रस्ताव तपासणारा हुशार अधिकारी ती काढू शकतो. गृहभेटी म्हणजे रामबाण नव्हे. अमेरिकेत २०१० पासून गृहभेटींसाठी स्वतंत्र केंद्रीय निधी आहे. तिथला सर्वांत नावाजलेला कार्यक्रम म्हणजे पहिलटकरणींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याचा. दक्षिण कॅरोलायना राज्यात त्याची मोठी चाचणी झाली, साडेपाच हजारांहून जास्त बायका होत्या, आणि २०२२ मध्ये निकाल आला: कमी दिवसांची वा कमी वजनाची बाळं, बाळाचे मृत्यू यांत लक्षणीय फरक नाही. तिथली परिस्थिती वेगळी, भेटींचा हेतू वेगळा, हे खरं. पण मी त्यातून एवढं घेतलं की भेट कशासाठी आहे, त्यात काय मोजायचं आणि मोजल्यावर पुढे काय करायचं, हे बारीक ठरलेलं नसेल तर परिचारिका पाठवूनही आकडा हलत नाही. तेव्हा प्रस्तावात ‘माता आरोग्य सुधारणा’ असला ढोबळ उद्देश लिहू नका. ‘घरी आलेल्या प्रत्येक बाळंतिणीचं बीपी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजणं, आणि वाढलेलं असल्यास २४ तासांत डॉक्टरला दाखवणं’ असं लिहा.

आता पैसे कुठून. एकाच खिशातून सगळं मागायचं नाही, हा माझा नियम. प्रत्येक निधीला स्वतःच्या अटी असतात, त्या बघून बाबी वाटायच्या.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा येतो, पण तो मिळतो आराखड्यातून. गाव, तालुका, जिल्हा, राज्य असा हा आराखडा, म्हणजे ‘पीआयपी’, चढत जातो, केंद्राशी चर्चा होते आणि मग मंजुरीचा कागद, म्हणजे ‘आरओपी’, येतो. २०२२-२४ पासून हा आराखडा दोन वर्षांचा झालाय. म्हणजे गाडी चुकली तर पुढची लवकर येत नाही. संस्थेनं सरळ अभियानाकडे अर्ज करण्यात मला फारसं यश दिसलेलं नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तुमची बाब जिल्ह्याच्या आराखड्यात आपली म्हणून घातली तर दिसलंय. प्रशिक्षण आणि परिचारिकेच्या प्रवासाची बाब इथे बसवायचा प्रयत्न करा. परिचारिकेचं पद इथून मिळेल, या आशेवर मात्र राहू नका.

पदासाठी आणि मशीनसाठी जिल्हा नियोजन समितीची नावीन्यपूर्ण योजना बघा. अंमलबजावणी यंत्रणा जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग असेल, तुम्ही सहयोगी. आधी तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधी वितरण, आणि खरेदी त्यांच्याच नियमांनी. तुम्हाला तुमच्या आवडीची कंपनी निवडता येणार नाही, ते मनातून काढून टाका. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटाही आहे. तो बऱ्याच ठिकाणी शिलाई मशीन आणि सायकलींत जातो. समितीच्या सभापतींना भेटून तेरा बाळंतिणींचा हिशेब सांगितलात तर ऐकतात, हा माझा अनुभव आहे. बाई सभापती असेल तर जास्तच.

ग्रामपंचायत हा सर्वांत जवळचा खिसा. स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणाचा खर्च तिलाही बंधनकारक आहे. वित्त आयोगाचा अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, मात्र १५ व्या आयोगाच्या अटींनुसार त्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. आयोग बदलला की अटी बदलतात, चालू सूचना ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) बघून घ्या. म्हणजे मशीन इथून, मानधन नाही. तीस ग्रामपंचायतींनी एक-दोन मशीन घेतली तरी ९० हजारांची बाब जिल्ह्याकडे मागायची गरज उरत नाही. शिवाय ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंधित निधी असतो. सेल, कागद, अडल्यावेळी भाडं यासाठी तोच वापरायचा. गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, असतं तर आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी सरळ ग्रामपंचायतीकडे आला असता. तुमच्या तालुक्यात ते लागू दिसत नाही, पण शेजारच्या कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगितलं.

वेळ महत्त्वाची. गावाच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून सुरू होते. त्या ग्रामसभेत ठराव नसेल तर पुढे वर्षभर सरपंच ‘बघू’ म्हणत राहतील. आणि कुठलाही मंजूर पैसा एप्रिल ते जूनमध्ये हातात येईल, असं धरू नका. वरून निधी उतरायला वेळ लागतो, मग फेब्रुवारीत एकदम येतो आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, मागितलं जातं. आशांचा मोबदला महिनोन्‌महिने रखडतो तो याच चक्रात. परिचारिकेचे पहिल्या तीन महिन्यांचे ५४ हजार संस्थेनं स्वतः उभे करून ठेवावेत. देणगीतून करा, काहीही करा, पण पगार थकलेली परिचारिका रात्री नऊला फोन उचलत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नीट सुटलेल्या नाहीत. तुमच्या भागात त्या नक्की आड येणार.

एक, माहेर. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. नोंदणी सासरच्या आशाकडे, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, तिसऱ्या दिवशीची भेट कुणाची? सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. एका गावात मी गृहभेटीचे नमुने तपासत होते. सहाही भेटी एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसत होत्या. विचारत गेले तर बाळंतीण तेव्हा ९० किलोमीटरवर माहेरी होती. आशाला मी झापलं, आणि मग घरी येऊन विचार केला. तिनं ती बाई सात महिने सांभाळली होती. बाई माहेरी गेली म्हणून तिचा सगळा मोबदला बुडणार होता. भेटीवर पैसे लावले की कागदावर भेटी वाढतात. यावर माझा उपाय साधा होता: माहेरी जाणाऱ्या बाईचा फोन नंबर, माहेरचं गाव आणि तिथल्या आशाचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहायचा, आणि सासरच्या आशानं तिसऱ्या दिवशी तिथल्या आशाला एक फोन करायचा. तुमच्या परिचारिकेकडे ही यादी असलीच पाहिजे. येणाऱ्या लेकींचीही, जाणाऱ्या सुनांचीही.

दुसरं, ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गाव अर्धं रिकामं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता जोडीचा, म्हणजे नवरा-बायको मिळून धरलेला असतो, म्हणून आठव्या महिन्याची बाईही निघते आणि कारखान्याच्या अड्ड्यावर, तोडकऱ्यांच्या वस्तीत, कोपीत बाळंत होते. निधी गावाच्या लोकसंख्येवर येतो, बाई गावात नसते. म्हणून तुमचं ६७५ चं गणित महिन्यावार करा. नोव्हेंबर ते मार्च कदाचित निम्मंच भरेल. त्या काळातला परिचारिकेचा प्रवासखर्च मी अड्ड्यांसाठी लावला असता. पण अड्डा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तुमच्या जिल्ह्याचा पैसा तिथे खर्च करण्यावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, मला तो आलेला आहे. तेवढा भाग देणगीच्या पैशातून ठेवा. टोळी निघण्याआधी सप्टेंबरमध्ये गरोदर बायांची बीपी-हिमोग्लोबिन तपासणी आणि लोहाच्या गोळ्या पुढच्या महिन्यांच्या हिशेबानं सोबत देणं मात्र सरकारी खर्चात सहज बसतं.

मोजायचं काय, याबद्दल थोडंच सांगते. ‘एकूण गृहभेटी’ हा आकडा अहवालात घाला, कारण मागतात. तुमच्या स्वतःच्या वहीत तीनच गोष्टी ठेवा: घरी आल्यापासून ७२ तासांत किती जणींचं बीपी मोजलं, वाढलेलं किती जणींचं निघालं, आणि त्यांतल्या किती जणींना २४ तासांत डॉक्टरांनी पाहिलं. मातामृत्यूचा आकडा दाखवायचं वचन देऊ नका. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. ६७५ जन्मांना ते लावलं तर चार-पाच वर्षांत एक मृत्यू येतो. तुमच्याकडे दोन वर्षांत दोन झाले, हे गंभीर आहेच, पण एवढ्या लहान संख्येत पुढच्या दोन वर्षांत शून्य झाले तरी ते तुमच्या कामामुळे की योगायोगानं, हे कुणी सांगू शकणार नाही. असं वचन दिलं आणि तिसऱ्या वर्षी एक बाई गेली, तर कार्यक्रम त्याच दिवशी बंद पडतो.

या आठवड्यात एवढं करा. तालुका समूह संघटकांना भेटा आणि तीन आकडे मागा: तीस गावांत आशांच्या किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या वर्षीची बाळंतपणं महिन्यावार किती आणि त्यांत माहेरी आलेल्या किती, आणि किती आशांकडे चालू बीपी मशीन आहे. पहिले दोन मिळतील. रिकाम्या जागा पाच-सहाच्या वर असतील तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी त्या भरण्यासाठी ग्रामसभांचे ठराव घ्या. तिसरा आकडा बहुधा कुणाकडेच नसेल. तो गावोगाव फिरून तुम्हीच काढा. ‘मशीन आहे का’ असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतील. दाखवायला सांगा, आणि सुरू करून बघा.